लिनक्सवर हिरवं, विंडोजवर लटकलेलं: टेस्ट सूट अडकला की मी कुठून सुरुवात करतो

आधी लक्षणं सांगतो, तुमचं दुखणं हेच आहे का ते ताडून बघा, नसेल तर पुढचं वाचत बसू नका.

तोच कोड, तोच सूट, म्हणजे त्याच सगळ्या टेस्टचा संच. लिनक्सचा जॉब, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणारी टेस्टची फेरी, सात मिनिटांत हिरवा, म्हणजे पास, मॅकचा पण होतो कसाबसा, आणि विंडोजचा जॉब ६३ टक्क्यांवर येऊन जो बसतो तो उठतच नाही. फेल नाही, एरर नाही, नुसतं ते गोल चक्र फिरतंय. गिटहब ॲक्शन्सवर काही सेटिंग केलेलं नसेल तर ३६० मिनिटांनी, म्हणजे पूर्ण सहा तासांनी जॉब मारला जातो आणि लॉगमध्ये कामाचं काहीही नसतं. कधी कधी री-रन मारला की पास होतं, त्यामुळे सगळे म्हणतात फ्लेकी आहे, कधी पास कधी फेल, सोड. किंवा ती एकच टेस्ट वेगळी चालवली की पास आणि पूर्ण सूटमध्ये चालवली की लटकते. आणि एक जात वेगळीच, सगळ्या टेस्ट पास झाल्याचं छापून येतं पण प्रॉम्प्ट परत येत नाही, ते म्हणजे मागे कुठला तरी थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधलंच समांतर चालणारं काम, किंवा चाइल्ड प्रोसेस, म्हणजे त्याने सुरू केलेला दुसरा प्रोग्रॅम, जिवंत राहिलाय.

हे तिन्ही प्लॅटफॉर्मवर सारखंच होत असेल तर तो तुमच्या कोडमधला साधा डेडलॉक आहे, दोघं एकमेकांची वाट बघत अडकलेत, त्याला ही पोस्ट नाही. मी बोलतोय ते एकाच प्लॅटफॉर्मवर रुसणाऱ्या सूटबद्दल. उदाहरणं पायथन आणि त्याच्या टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टची आहेत कारण माझं रोजचं तेच, पण कारणं बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिमची आहेत, त्यामुळे बाकीच्यांनाही चालतील. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चारतो तशीच लिहिलीत, टाइप करताना समजून घ्या.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी करू नका. एक, री-रन दाबू नका, अडकलेला प्रोसेस हाच एकमेव पुरावा असतो आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने पुसता. दुसरं, टाइमआउट वाढवू नका. आमच्याकडे एकदा तीस मिनिटांचा टाइमआउट साठ केला, मग नव्वद केला, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. उलट कमी करा, सूटला सात मिनिटं लागत असतील तर जॉबला वीस पुरेत.

फुकटातला चेक: टास्क मॅनेजर उघडा

विंडोजवर टास्क मॅनेजर, बाकी ठिकाणी टॉप. अडकलेला प्रोसेस सीपीयू किती खातोय एवढंच बघायचं. शून्याच्या आसपास असेल तर तो कोणाची तरी वाट बघतोय. एक कोअर पूर्ण खात असेल तर तो लूपमध्ये फिरतोय. आणि थोडं थोडं वर-खाली होत असेल तर बहुतेक हँग नाहीच, स्लो आहे. विंडोजवर नवा प्रोसेस सुरू करणं लिनक्सपेक्षा बरंच महाग पडतं, वर विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर प्रत्येक नवीन फाइल हुंगतो, त्यामुळे शेकडो छोटे प्रोसेस काढणारी टेस्ट तिथे रांगते. रांगणाऱ्याला लटकलेला समजून मी एक आख्खा शुक्रवार घालवलाय.

कोणी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतंय का

हे ऐकायला बाळबोध वाटतं पण माझ्या हिशेबात सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. गिटला पासवर्ड हवाय, एसएसएच विचारतंय की हा होस्ट ओळखीचा नाही, यस की नो. मॅकवर कीचेनचा डायलॉग किंवा फायरवॉलचा, की या ॲपला बाहेरून कनेक्शन घेऊ द्यायचं का. विंडोजवर सीप्लसप्लसचं डीबग बिल्ड असेल तर असर्ट, म्हणजे कोडमधली तपासणी, फेल झाल्यावर ती जुनी खिडकी येते, अबॉर्ट, रिट्राय, इग्नोअर. सीआयच्या, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनसमोर माणूस बसलेला नाही, मग बटण कोण दाबणार, बसा वाट बघत.

उपाय स्वस्त आहेत. गिटसाठी गिट टर्मिनल प्रॉम्प्ट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य करा, मग तो विचारण्याऐवजी सरळ फेल होतो. टेस्टमधून जे जे प्रोसेस सुरू करता त्यांचं स्टँडर्ड इनपुट डेव्हनलला, म्हणजे सिस्टिमच्या कायम रिकाम्या फाइलला जोडा, म्हणजे कोणी काही वाचायला गेला की लगेच फाइल संपल्याचं कळतं. असर्टची खिडकी सीआरटीच्या, म्हणजे विंडोजच्या सी लायब्ररीच्या, रिपोर्ट मोडमधून बंद करून मेसेज स्टँडर्ड एररला पाठवता येतो.

आणि एक गंमत सांगतोच. आमच्या टीममधला एकजण शपथेवर सांगायचा की माझ्या विंडोज लॅपटॉपवर सूट लटकतो, पण मी चहाला गेलो की नीट चालतो. आम्ही सगळे हसायचो. शेवटी त्याच्या शेजारी बसलो तेव्हा दिसलं की साहेबांना लॉग वाचताना ओळीवर माऊसने क्लिक करायची सवय. विंडोजच्या कन्सोलमध्ये क्विक एडिट मोड चालू असतो, क्लिक केलं की ते टेक्स्ट सिलेक्ट करायला लागतं आणि तोपर्यंत आउटपुट थांबवतं, मग जो प्रोसेस त्या कन्सोलवर लिहायला जातो तो तिथेच थांबतो. खिडकीच्या टायटलमध्ये सुरुवातीला सिलेक्ट असा शब्द येतो, तो कोणी वाचत नाही. एस्केप दाबला, सूट पळाला. दोन दुपारी गेल्या होत्या त्यात.

शेवटची ओळ खरी आहे का

लॉगमध्ये जी टेस्ट शेवटची दिसते तीच अडकलीय असं धरून चालू नका. आउटपुट पाइपमध्ये जात असेल तर पायथन ते बफर करतो, साठवून मग एकदम सोडतो, म्हणजे प्रत्यक्षात गाडी चार स्टेशनं पुढे गेलेली असते आणि बोर्डावर अजून मागचंच स्टेशन. पायथन अनबफर्ड हे व्हेरिएबल १ करा, पायटेस्टला मायनस व्ही द्या म्हणजे टेस्टचं नाव ती सुरू होताना छापलं जातं, आणि टेस्ट समांतर चालवणारा एक्सडिस्ट प्लगइन वापरत असाल तर समांतर चालवणं तात्पुरतं बंद करा. समांतर बंद केल्यावर हँगच गेला तर तेही उत्तरच आहे, दोन टेस्ट एकाच पोर्टवर किंवा एकाच फाइलवर भांडतायत.

स्टॅक काढा, इथून खरं काम सुरू होतं

इथपर्यंत नाही सापडलं तर अंदाज बंद. प्रोसेस नेमका कोणत्या ओळीवर उभा आहे ते स्टॅकमध्ये, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शन कॉल्सच्या यादीत, बघायचं. पायटेस्टमध्ये फॉल्टहँडलर टाइमआउट नावाचं सेटिंग आहे, त्यात १२० लिहा. एखादी टेस्ट १२० सेकंदांपेक्षा जास्त चालली की सगळ्या थ्रेड्सचा स्टॅक छापतो आणि टेस्टला हात लावत नाही. वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही, मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशीच टाकतो.

पायटेस्ट-टाइमआउट प्लगइन पण चांगला आहे पण त्यातली एक मेख माहीत असू द्या. लिनक्स आणि मॅकवर तो अलार्मचा सिग्नल वापरतो, त्यामुळे फक्त ती टेस्ट फेल होते आणि सूट पुढे सरकतो. विंडोजवर तो सिग्नलच नाही, मग तो थ्रेडवाली पद्धत वापरतो, ज्यात स्टॅक छापून आख्खा प्रोसेस ठार केला जातो. उरलेल्या टेस्ट चालत नाहीत, रिपोर्टची एक्सएमएल फाइल पण तयार होत नाही. विंडोजचा रिपोर्टच येत नाही अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांचं बहुतेक हेच असतं.

प्रोसेस आत्ता समोर अडकलेला असेल तर पाय-स्पाय या टूलने स्टॅकचा डंप घ्या, पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, दिला की झालं, कोडमध्ये काही बदलावं लागत नाही. मॅकवर सुडो लागतं, डॉकरच्या कंटेनरमध्ये सिस-पीट्रेसची, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्याची, परवानगी द्यावी लागते. जावावाल्यांना जेस्टॅक आहे. गोवाले नशीबवान, त्यांचा टेस्ट टाइमआउट मुळातच १० मिनिटांचा असतो आणि तो संपला की गोरूटिन्सचे, म्हणजे गोच्या हलक्या थ्रेड्सचे, स्टॅक आपोआप येतात.

वाचताना एक लक्षात ठेवा, फॉल्टहँडलर सगळ्यात अलीकडचा कॉल वर छापतो, नेहमीच्या ट्रेसबॅकच्या बरोबर उलटा. मी सुरुवातीला खालची ओळ बघून पायटेस्टच्याच कोडमध्ये बग शोधत बसलो होतो. प्रत्येक थ्रेडची वरची एक-दोन ओळ बघा, तिथे काय दिसतंय त्यावर पुढची वाट ठरते.

वरती सबप्रोसेसचं वेट किंवा रीड दिसलं तर

हा माझा सगळ्यात जुना दुश्मन. टेस्ट एक चाइल्ड प्रोसेस काढते, त्याचं आउटपुट पाइपला जोडते आणि वेट करून तो संपायची वाट बघते, आणि आउटपुट वाचणार नंतर. पाइप म्हणजे छोटी टाकी. लिनक्सवर साधारण ६४ केबी मावतं, विंडोजवर पायथन जो पाइप बनवतो तो डीफॉल्ट साइझचा, म्हणजे ४ केबीच्या आसपास. टाकी भरली की चाइल्ड लिहिता लिहिता थांबतो, आपण तो संपायची वाट बघतोय, तो आपण वाचायची वाट बघतोय, अरुंद पुलावर समोरासमोर आलेल्या दोन एसट्या.

आमच्याकडे वर्षभर नीट चाललेली टेस्ट एका सोमवारी विंडोजवर लटकायला लागली. डिफ बघितला तर कोणीतरी चाइल्डला व्हर्बोस फ्लॅग दिलेला, बस. आउटपुट दोन केबीवरून वीस केबीवर गेलं, लिनक्सच्या टाकीत अजून भरपूर जागा होती, विंडोजची ओसंडली. लिनक्सवर बग नव्हता असं नाही, तिथे टाकी मोठी होती एवढंच. उपाय, वेटच्या जागी कम्युनिकेट वापरा, ते वाचता वाचता थांबतं. किंवा आउटपुट सरळ फाइलमध्ये सोडा, मला तेच जास्त आवडतं, नंतर बघायला मिळतं.

कम्युनिकेट वापरूनही लटकतंय? मग नातू शोधा. विंडोजवर एनपीएम चालवलं की आधी सीएमडी सुरू होतो आणि त्याच्या पोटी नोड. तुम्ही किल केलं ते सीएमडीला, नोड जिवंत, आणि पाइपचं दुसरं टोक अजून त्याच्या हातात. टोक बंद होईपर्यंत वाचणारा थांबणार. यातली वाईट गोष्ट अशी की सबप्रोसेस-रनला ३० सेकंदांचा टाइमआउट देऊनही विंडोजवर वाचत नाही, कारण टाइमआउट झाल्यावर तो चाइल्डला मारतो आणि उरलेलं आउटपुट गोळा करायला पुन्हा कम्युनिकेट करतो, या वेळी टाइमआउटशिवाय. लिनक्सवर त्याच जागी तो फक्त चाइल्ड मेल्याची खात्री करून बाहेर पडतो. म्हणजे सेफ्टी म्हणून लावलेला टाइमआउटच तुम्हाला अडकवतो. विंडोजवर टास्ककिलला स्लॅश टी आणि स्लॅश एफ देऊन आख्खं झाड पाडा. लिनक्स-मॅकवर चाइल्डला नव्या सेशनमध्ये सुरू करा आणि मारताना पूर्ण ग्रुपला मारा.

वरती कनेक्ट किंवा गेटएफक्यूडीएन दिसलं तर

हे पटकन उरकतो. टेस्टचा सर्व्हर १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनच्या पत्त्यावर, ऐकतोय आणि क्लायंट लोकलहोस्ट या नावाने जोडतोय. विंडोजवर नावाचा आधी आयपीव्ही-सिक्सचा पत्ता निघतो, तिथे कोणी नाही, पण विंडोज एका नकाराने ऐकत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, साधारण दोन सेकंद जातात आणि मग आयपीव्ही-फोरवर येतं. तीनशे कनेक्शन म्हणजे दहा मिनिटं. मॅकची तऱ्हा वेगळी, पायथनचा एचटीटीपी सर्व्हर बाइंड होताना मशीनचं पूर्ण नाव शोधायला जातो, तेच ते गेटएफक्यूडीएन, आणि डीएनएस नीट नसेल तर तिथेच बराच वेळ बसतो. दोन्हीला औषध एकच, सर्व्हर आणि क्लायंट दोघांनाही १२७.०.०.१ आकड्यांतच द्या. मॅकचा तो फायरवॉलचा डायलॉगही मग येत नाही.

वरती स्लीप दिसलं आणि टेस्ट काहीतरी होण्याची वाट बघतेय

फाइल बदलली की इव्हेंट यावा अशी टेस्ट. लिनक्सवर पास, मॅकवर अनंतकाळ. मॅकवर टेम्प फोल्डरचा पाथ स्लॅश-व्हार-स्लॅश-फोल्डर्सने सुरू होतो, पण व्हार ही खरी जागा नाही, ती प्रायव्हेट-व्हारकडे बोट दाखवणारी सिमलिंक आहे. इव्हेंट येतो तो प्रायव्हेटवाल्या पाथने. टेस्ट बिचारी दारात उभी, पाहुणा आलाय पण आडनाव वेगळं सांगतोय म्हणून आत घेत नाही. तुलना करायच्या आधी दोन्ही पाथ रिअलपाथमधून, म्हणजे सिमलिंक उलगडून खरा पाथ देणाऱ्या फंक्शनमधून, काढा. आणि असे थांबण्याचे लूप लिहिताना वरची मर्यादा घालाच, दहा सेकंदांत इव्हेंट नाही आला तर आजवर आलेले सगळे इव्हेंट छापून फेल व्हा. आम्ही छापले तेव्हा अर्ध्या मिनिटात कळलं, त्याआधी आठवडाभर भिजत घोंगडं.

वरती लॉकचं अक्वायर दिसलं, आणि या वेळी लटकलंय लिनक्स

इथे पारडं फिरतं. विंडोज आणि मॅक हिरवे, लिनक्स अडकलेला, तोही वीसातून एकदा. मल्टिप्रोसेसिंग, म्हणजे काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारं पायथनचं मॉड्यूल, वापरताय का बघा.

लिनक्सवर पायथन वर्षानुवर्षं फोर्क करत आलाय. विंडोजवर फोर्क नाहीच, तिथे स्पॉन, म्हणजे नवा कोरा इंटरप्रिटर. मॅकवर २०१९ मध्ये आलेल्या पायथन ३.८ पासून डीफॉल्ट स्पॉन केलं, कारण तिथल्या सिस्टिम लायब्रऱ्यांना फोर्क मानवत नव्हता. फोर्क म्हणजे चालू घराची हुबेहूब नक्कल. पण नक्कल फक्त फोर्क करणाऱ्या थ्रेडची होते, बाकीचे थ्रेड नव्या घरात येत नाहीत. त्याच क्षणी दुसरा एखादा थ्रेड लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, धरून बसला असेल तर बाथरूमला आतून लावलेली कडी नकलेत येते, आतला माणूस येत नाही. बाहेरून कितीही ठोका, कडी काढणार कोण. बाकीचे थ्रेड त्या क्षणी कुठे असतील त्यावर सगळं अवलंबून, म्हणून वीसातून एकदा.

३.१२ पासून थ्रेड चालू असताना फोर्क केला तर डेप्रिकेशनची वॉर्निंग येते, ती लॉगमध्ये शोधा, आपण सगळे वॉर्निंग्ज दाबून ठेवतो तिथेच ती असते. ३.१४ मध्ये तर लिनक्सवरही डीफॉल्ट बदलून फोर्कसर्व्हर केलंय, म्हणजे फोर्क करण्यासाठी वेगळा साधा प्रोसेस. जुन्या व्हर्जनवर असाल तर मल्टिप्रोसेसिंगचा कॉन्टेक्स्ट मागताना स्वतःच स्पॉन सांगा. मग सुरुवातीला पिकलिंगच्या, म्हणजे डेटा दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवायला बांधण्याच्या, एररी येतील, मेन गार्ड, म्हणजे फाइल थेट चालवली तरच चालावा असा भाग, नसेल तर पूलचे वर्कर, म्हणजे काम करणारे प्रोसेस, मरत राहतील आणि पूल नवे काढत राहील, पण ते सगळं दिसतं तरी, गुपचूप लटकत नाही.

याच घरातलं दुसरं दुखणं, कंटेनरची मेमरी संपली आणि कर्नलने एखादा वर्कर मारला तर मल्टिप्रोसेसिंगचा पूल त्याच्या उत्तराची कायमची वाट बघतो. कॉन्करंट फ्युचर्सचा प्रोसेस पूल वापरला तर पूल तुटल्याची एरर मिळते. मी नव्या टेस्टमध्ये तोच घेतो. डॉकरमध्ये क्रोम चालवणारी टेस्ट असेल तर शेअर्ड मेमरी पण बघा, डेव्ह-एसएचएम तिथे डीफॉल्ट ६४ एमबीच असते.

कुठे थांबायचं

मी स्वतःला एक दिवस देतो. खालीलपैकी काही दिसलं तर एक दिवसही नाही, लगेच फोन.

लिनक्सवर प्रोसेसची अवस्था डी दिसतेय आणि किल मायनस नऊलाही, म्हणजे जबरदस्तीने मारणाऱ्या कमांडलाही, दाद देत नाही, म्हणजे तो कर्नलच्या आत, बहुतेक डिस्कवर किंवा नेटवर्कवरच्या माउंटवर अडकलाय, तिथे तुमच्या टेस्टचा काही संबंध नाही, इन्फ्राच्या माणसाला बोलवा. स्टॅकची वरची ओळ जीपीयू ड्रायव्हर किंवा बंद लायब्ररीच्या आत आहे, तर ती ज्यांची आहे त्यांच्याकडे द्या. एकाच रनरवर, म्हणजे जॉब चालवणाऱ्या मशीनवर, होतंय आणि तसल्याच दुसऱ्यावर होत नाही, तर मशीन बघणारा वेगळा असतो, तुम्ही नाही. डिफेंडरवर संशय असेल तरी कंपनीच्या मशीनवर तो स्वतः बंद करायला जाऊ नका, सिक्युरिटीवाल्यांना बिल्डचं फोल्डर वगळायला सांगा, ते करतात, थोडं कुरकुरतात.

तोपर्यंत बाकीच्यांचं काम अडू नये म्हणून ती टेस्ट फक्त त्या प्लॅटफॉर्मवर स्किप करा, कारणाच्या जागी तिकीट नंबर लिहून. नुसतं विंडोजवर चालत नाही असं लिहिलेले स्किप मी चार वर्षांनी उकरून काढलेत, लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला.

फोन करताना हातात काय हवं: तीस-तीस सेकंदांच्या अंतराने घेतलेले तीन स्टॅक डंप, म्हणजे एकाच ओळीवर उभा आहे की सरकतोय ते कळतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा बिल्ड नंबर, आणि रनर इमेजचं व्हर्जन, कारण लेटेस्ट नावाची इमेज आतून बदलत असते आणि मागच्या आठवड्यात हिरवं होतं या वाक्याचं उत्तर बरेचदा तिथेच असतं. शेवटच्या हिरव्या आणि पहिल्या लटकलेल्या जॉबची लिंक. आणि ॲडमिन यायच्या आत मशीन रीस्टार्ट करू नका, मी एकदा केलं होतं, तो आला, खुर्चीत बसला, दहा मिनिटं नीट चालणारा सूट बघितला आणि निघून गेला.